कुठला निळा

बहात्तरास एक या मापाचं विमान
माझ्या तळहातावर बसतं,
नाकापासून शेपटीपर्यंत वीतभरही नाही.
चाळीस वर्षं गोदीत मी जहाजं रंगवली,
दोरीला टांगून, पंजाएवढा रुंद ब्रश घेऊन.
आता डोळ्यावर भिंग,
हातात एअरब्रश,
रंग दुधाइतका पातळ,
आणि फवारताना श्वास धरून ठेवायचा.

आधी वाळवंट चढवलं.
मातकट तपकिरी, मध्ये मध्ये पिवळट.
दोन रंगांच्या सीमेवर
चिकणमातीच्या बारीक वळ्या ठेवल्या,
म्हणजे कड मऊ उमटते,
सुरीने कापल्यासारखी दिसत नाही.
इतकी मेहनत, आणि सगळी झाकण्यासाठी.
कारण ती विमानं आली होती वाळूसाठी रंगून,
आणि आमचं बेट तर पाण्यात.
तेव्हा वाटेतच, बोटीवर,
हाती लागला तो निळा त्यांना फासला.
कुठला, ते कुणी नीट लिहून ठेवलं नाही.

फोटो काळेपांढरे.
स्लीमाचा नेरिकू म्हणतो, करडाच तो,
निळ्याचा नुसता वास.
मोस्ताचा इन्द्री म्हणतो, जांभळ्याकडे झुकणारा.
सहा वर्षं दोघं बोलत नाहीत.
माझ्या खिडकीत समुद्र आहे,
पण त्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही,
तासातासाला जबानी फिरवतो.
आमच्या झुर्री गावाच्या नावातच निळा आहे म्हणतात.
तोही कुठला, विचारू नका.

पंखाच्या मुळाशी, जिथे वैमानिकाचे बूट घासायचे,
पाण्याचा हात फिरवला, वर मीठ भुरभुरलं.
वाळल्यावर निळा मारला.
मग अंगठ्याने चोळलं की मीठ झडतं
आणि खालचं वाळवंट डोकावतं.

"विस्तिन, मिठाचा डबा रिकामा!"
चेन्सा आत्या जिन्यातून ओरडली.
"सुपात काय घालू, तुझं विमान?"
एक्क्याण्णव वर्षांची आहे.
इतकी वर्षं तिला का विचारलं नाही, कोण जाणे.
खाली गेलो. ती शेंगा सोलत होती.

"निळा? मला काय माहीत?
आम्ही जमिनीवर. आम्हाला पोटं दिसायची.
पाठीचा रंग त्यांच्यासाठी,
जे वरून मारायला येत."
चार शेंगा सोलून झाल्या.
"एक मात्र जवळून पाहिलं.
साफीच्या अलीकडे, कांद्याच्या शेतात घसरलेलं.
भावाने मला उचलून पंखावर बसवलं.
गुडघा सोलवटला."
पत्र्याने?
"रंगाने. दे इकडे ते तुझं."

मोतीबिंदूचे डोळे मिटून घेतले,
शेंगांनी हिरवा झालेला अंगठा
तिने माझ्या दोन महिन्यांवरून फिरवला.
"ही तर काचेची बशी.
असं नव्हतं रे ते. खरखरीत होतं.
कुणीतरी घाईत होतं."

घाई.
ती मला शिकवायला नको.
पहाटे सुटणाऱ्या जहाजाला रात्री रंग देताना
ब्रशचे केस रंगात अडकतात, ओघळ गोठतात,
मुकादम कंदील हलवत असतो,
आणि मागे वळून कुणी बघत नाही.
ते हात मला ठाऊक आहेत.
ते हात माझेच आहेत,
आणि मी भिंग लावून ते लपवत बसलो होतो.

एअरब्रश धुऊन ठेवला.
जुना, झडलेला ब्रश काढला
आणि पंखावर आडवेतिडवे फराटे ओढले,
कुठे दाट, कुठे वाळू उघडी.
छटेचं म्हणाल, तर तीन बाटल्यांच्या तळाशी
जे उरलं होतं ते एकत्र केलं.
नेरिकू नाक मुरडेल.
इन्द्रीही मुरडेल, निदान त्यात तरी एकमत.

डाव्या पंखावर ब्रशचा एक केस चिकटलाय.
चिमटा उचलला,
परत ठेवला.
खालून आत्या विचारतेय,
मीठ आणायला जातोयस ना.